व्यायामाचा कंटाळा येणारच, मग काय करायचं?



जानेवारी उजाडला की गावातल्या मैदानावर एकदम गर्दी दिसू लागते. पायात नवे बूट, हातात नवी बाटली, मोबाइलमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप. ही गर्दी संक्रांतीपर्यंत बरी टिकते. रथसप्तमीला शाळेत सामूहिक सूर्यनमस्कार होतात, फोटो ग्रुपवर पडतात. मग परीक्षा, पेपर तपासणी, निकालपत्रकं सुरू होतात आणि मार्चमध्ये मैदानावर पुन्हा तेच नेहमीचे चार-सहा जण उरतात. खाण्याचंही तसंच. सोमवारपासून साखर बंद असते आणि बुधवारी स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो.

अशा वेळी आपण सगळे एकच निदान करतो: "आपली इच्छाशक्तीच कमी." पण मार्चमध्येही मैदानावर दिसणाऱ्या त्या चार-सहा जणांना एकदा विचारून बघा, "तुम्हाला रोज उत्साह वाटतो का हो?" बहुतेक जण हसतील. थंडीत पांघरूण त्यांनाही सोडवत नाही. ते फक्त उत्साहाची वाट बघत बसत नाहीत. त्यांची वेळ ठरलेली असते, बूट दाराशी असतात आणि कोपऱ्यावर कुणीतरी थांबलेलं असतं.

हा विषय निव्वळ दिसण्याचा किंवा वजनाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चाळिशी-पंचेचाळिशीतले आपण शिक्षक या उंबरठ्यावरच्या लोकांत मोठ्या संख्येने असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पाचशेहून अधिक लोकांवर अडीच-तीन वर्षं लक्ष ठेवलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तेवढ्या काळात मधुमेह झाला. ज्यांच्या रोजच्या चालण्याकडे आणि खाण्याकडे नियमित लक्ष दिलं गेलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं. काही फार मोठं केलं नव्हतं त्यांनी. रोज अर्धा तास चालणं, साखर-मैदा-तेलकट कमी, आणि मधूनमधून विचारपूस. शेकड्यामागे सोळा माणसं वाचली. एवढं जर चालण्याने होतं, तर चालणं का टिकत नाही, हा प्रश्न नीट बघायला हवा.

फायदे सांगून भागत नाही

२००२ साली ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग शिक्षकांनी तर आवर्जून माहीत करून घ्यावा असा आहे. महाविद्यालयातल्या २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला व्यायामाबद्दल विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकार कसा होतो, व्यायामाने तो कसा टळतो, हे सगळं वाचायला दिलं. तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं, पण सोबत एक वाक्य लिहायला लावलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी वीस मिनिटं व्यायाम करीन.

पुढच्या आठवड्यात निदान एकदा व्यायाम करणारे पहिल्या गटात ३८ टक्के निघाले. दुसऱ्या गटात ३५ टक्के. तिसऱ्या गटात ९१ टक्के.

दुसरा गट बघा. फायदे वाचून त्यांच्या मनात इच्छा वाढली होती, पण पाय काही हलले नाहीत. आता आपण शाळेत काय करतो ते आठवा. फळ्यावर 'व्यायामाचे फायदे' असं शीर्षक लिहून दहा मुद्दे देतो. 'व्यायामाचे महत्त्व' हा निबंध मुलं पाऊण तास बाकावर बसून लिहितात आणि आपण तो आणखी तासभर बसून तपासतो! प्रयोग थोड्या मुदतीचा होता आणि उत्तरं विद्यार्थ्यांनीच दिलेली होती, त्यामुळे ९१ हा आकडा काही पाठ करायला नको. पण कधी, कुठे आणि कशानंतर हे ठरलेलं नसेल तर इच्छा नुसतीच तरंगत राहते, एवढं त्यातून घ्यावं.

यातलं 'कशानंतर' हे सगळ्यात कामाचं. घड्याळातली वेळ चुकते. शाळेची वेळ बदलते, बस उशिरा येते, केंद्रावर मीटिंग लागते. पण दिवसातल्या काही गोष्टी काहीही झालं तरी होतातच. सकाळी दूध येतं, चहा होतो, आंघोळ होते, शाळेतून आल्यावर गाडी लावली जाते, रात्रीची जेवणं होतात. व्यायाम यातल्या एखाद्या गोष्टीच्या शेपटीला बांधून टाका. "गाडी लावली की घरात न शिरता तशीच एक फेरी." घरात शिरून एकदा पलंगावर पाठ टेकली की संपलंच, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे ही युक्ती नवी नाहीच. 'शतपावली' या शब्दात ती आहे. जेवण झालं की चालायचं. वेगळा संकल्प नाही, वेगळा ड्रेस नाही. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर तेवढी चढत नाही, हे आताच्या अभ्यासांतही दिसलं आहे. टीव्ही आला आणि ही पद्धत आपल्या घरांतून गेली. परत आणायला पैसे लागत नाहीत.

किती आणि किती दिवस?

जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं: मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी करावं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हवीत. १५० ला ७ ने भागलं की रोजची २१-२२ मिनिटं येतात. म्हणजे एका तासिकेपेक्षाही कमी. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. स्नायूंच्या दोन दिवसांसाठी जिमच हवी असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करून बघा, कळेल.

दहा हजार पावलांचा धाक मात्र मनातून काढून टाका. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. आकडा तिथून जगभर पसरला. दहा हजार झाले तर छानच, पण सहा हजारांवर अडकलात म्हणून मोबाइल फेकून देऊ नका. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचं दुखणं आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं, हे वेगळं सांगायला नको.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसामाणसांत फरक होता तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. जेवताना एक ग्लास पाणी पिणं लवकर जमतं, व्यायामाला जास्त दिवस लागतात. म्हणजे बाविसाव्या दिवशीही जिवावर येत असेल तर तुमच्यात काही कमी नाही. अजून दिवसच भरलेले नाहीत.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला आकड्यांपेक्षाही मोलाची वाटते. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. घात होतो तो "आता मोडलंच ना, मग राहू दे" या वाक्याने. आपल्या वर्षात तर खंड ठरलेलेच आहेत. गणपती, दिवाळी, लग्नसराई, निवडणुकीची ड्युटी, बोर्डाचे पेपर. खंड पडणार हे धरूनच चालावं आणि त्या दिवसांसाठी व्यायामाचं एक छोटं रूप आधीच ठरवून ठेवावं: दोन सूर्यनमस्कार, किंवा घराला एक चक्कर. दोन नमस्कारांनी शरीराला फारसं काही मिळत नाही, खरं आहे. पण जागा राखली जाते, जशी एस.टी.त रुमाल टाकून आपण राखतो तशी.

जिना आणि कंडक्टर

काहींना 'व्यायाम' हा शब्दच नकोसा वाटतो. त्यांच्यासाठी लंडनच्या बसची गोष्ट. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास केला, तो १९५३ साली छापून आला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तरी कमी जीवघेणा. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मुळातच मोठा असल्याचं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय काही जिन्याला देता येत नाही. तरी हालचाल आणि हृदय यांच्या नात्याचा शोध तिथून पुढे जोमाने सुरू झाला.

वर्गात आपण ड्रायव्हर व्हायचं की कंडक्टर, हे आपल्या हातात असतं. खुर्चीत बसून वाचन घेता येतं, तसंच बाकांमधून फिरतही घेता येतं. वह्या मागवून घेण्याऐवजी आपणच मुलांपर्यंत जावं. मागच्या बाकावरच्या मुलांचाही त्यात फायदा आहे.

चहाचा हिशोब

आता खाण्याकडे वळू. इथे आधी एक गणित करू, चौथीच्या मुलांनाही घालता येईल असं. दिवसाला पाच कप चहा. घरी दोन, शाळेत दोन, एक कुणी आलं-गेलं म्हणून. प्रत्येक कपात दोन चमचे साखर, चमच्याला साधारण ५ ग्रॅम. झाले ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली आहे, ती मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत. म्हणजे बिस्किट, जिलबी, श्रीखंड यांचं नावही न काढता दिवसाचा कोटा चहातच संपला. महिन्याची साखर दीड किलो, फक्त एका माणसाच्या चहाची.

इथे इच्छाशक्ती काय करणार? शाळेत चहा येतो तोच साखर घातलेला. किटलीसमोर बसून निग्रह करण्यापेक्षा चहावाल्याला एकदाच सांगावं, "उद्यापासून साखर वेगळी आण." मग ज्याची त्याने घालावी. घरी दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत गेलं की जीभ कुरकुर करत नाही. एकदम बंद करणारे बहुधा एकदमच सुरू करतात.

फरसाणाचंही असंच आहे. संध्याकाळी साडेपाच वाजता भुकेने कासावीस होऊन घरी आलेला माणूस आणि ओट्यावरची शेवेची पारदर्शक बरणी, यांच्यात बरणीच जिंकणार. ही लढाई किराणा दुकानात, यादी करतानाच जिंकून घ्यावी लागते. महिन्यातून एक दिवस, पोट भरलेलं असताना. शेव किलोऐवजी पाव किलो आणायची आणि वरच्या फळीवर स्टीलच्या डब्यात ठेवायची. पुढच्या बरणीत फुटाणे, शेंगदाणे. दुपारी साडेबारा-एकला डबा खाल्लेला असेल तर साडेचारला शाळा सुटताना पिशवीत एक केळं किंवा मूठभर फुटाणे असू द्यावेत. नाक्यावरच्या वडापावचा वास मग थोडा कमी छळतो.

'डाएट' म्हटलं की ओट्स आणि परदेशी बिया आणायची काहीच गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक यात कमी काय आहे? कमी आहे ते प्रमाण. भाजीला आपण 'तोंडी लावणं' म्हणतो, त्यातच सगळं आलं. पोळी आणि भात मुख्य, भाजी नुसती लावण्यापुरती. ताटातला भाताचा डोंगर अर्धा करून भाजीचा एक डाव जास्त वाढला, उसळीची वाटी भरून घेतली, की पदार्थ तेच राहून जेवण बदलतं. उपवासाच्या दिवशीही ताटाकडे एकदा नीट बघावं. साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स, नंतर गोड काहीतरी. याला हलका आहार म्हणणं धाडसाचं आहे.

मुलं काय शिकतात?

गृहपाठ नाही केला? मैदानाला पाच फेऱ्या मार. उशीर झाला? वीस उठाबशा. शारीरिक शिक्षेवर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे आपल्याला माहीत आहे. कायदा बाजूला ठेवला तरी यातून मुलाच्या मनात पक्कं काय बसतं? की धावणं ही शिक्षा असते. आणि खेळाचा तास काढून घेऊन तिथे गणित घेतलं की दुसरं पक्कं बसतं: खेळ ही फालतू गोष्ट आहे, वेळ उरला तर. हेच मूल सोळाव्या वर्षी मोबाइल घेऊन पडून राहिलं की आपण म्हणतो, हल्लीची मुलं आळशी.

बक्षिसाचंही जपून. १९७३ साली अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. मुलं आवडीने रंगीत पेनांनी चित्रं काढायची. त्यातल्या काहींना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधी सांगितलं. पुढे प्रमाणपत्र नसताना तीच मुलं इतरांपेक्षा बरंच कमी चित्र काढू लागली. आपल्या घरातलं "भाजी संपव, मग चॉकलेट" हे वाक्य याच जातीचं आहे. मूल यातून शिकतं की भाजी हे काम आणि चॉकलेट हा पगार. त्यापेक्षा गाजावाजा न करता थोडी थोडी वाढत राहावी. नवा पदार्थ मुलाला आवडायला आठ ते पंधरा वेळा तो समोर यावा लागतो. आपण दोनदा दोडका वाढतो, दोनदा तो ताटात राहतो, आणि मग पाहुण्यांसमोर जाहीर करतो, "याला दोडका चालतच नाही." एकदा असं जाहीर झालं की मुलालाही ते निभवावं लागतं.

सांगण्यापेक्षा करणं किती लांब जातं, याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. पण त्याआधी ते स्वतः रोज घालत होते, घरची माणसंही घालत होती. या विषयावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. आज आपल्या शाळांत रथसप्तमीला सूर्यनमस्कार होतात तेव्हा पटांगणात मुलं वाकत असतात आणि आपण शिट्टी आणि मोबाइल घेऊन बाजूला उभे असतो. एका वर्षी रांगेत उतरून बघा. गुरुजी वाकताना गुडघे वाजले तर मुलं हसतील, हसू द्या. घरी जाऊन ती हीच गोष्ट सांगतील.

तिची वीस मिनिटं

शेवटी एका गोष्टीबद्दल, जी अशा लेखांत सहसा नसते. पहाटे पाचला उठून चौघांचे डबे, सासूबाईंची औषधं, मुलाची शाळेची तयारी, मग धावत बस गाठून वर्गावर, संध्याकाळी परत ओटा. अशा शिक्षिकेला किंवा कुठल्याही आईला "वेळ काढावा हो स्वतःसाठी" असं सांगणं मला पटत नाही. तिच्याकडे उत्साह कमी नाही. वेळच तिच्या नावावर नाही. जेवायलाही ती शेवटी बसते, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून दोन घास जास्त खाते. कधी भाजी संपलेली असते म्हणून लोणच्याशी पोळी. घरकामातच व्यायाम होतो की, असं म्हणणाऱ्यांनी आठवडाभर ते करून पाहावं. दमणूक होते, पण दम लागेल असं सलग चालणं त्यात कितीसं असतं?

इथे तिने आणखी एक संकल्प करून उपयोग नाही. वर सांगितलेलं ते वाक्य घरातल्या दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं. "सहा वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर पडली की परत येईपर्यंत डबे मी भरणार." नवऱ्याने लिहावं, नववीतल्या मुलाने लिहावं. पहिल्या आठवड्यात डब्याचं झाकण नीट लागणार नाही, भाजी पोळीत सांडेल, आणि ती दारातूनच दोन सूचना देऊन जाईल. तरी तिला जाऊ द्यावं. आणि रात्री ताटं वाढताना तिचंही ताट सोबतच वाढावं, म्हणजे भाजी सगळ्यांना सारखी पुरते की नाही ते तिथेच कळेल.